कोड आणि कायदा एका टेबलावर : इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची वाटचाल

1 मार्च 1990 रोजी अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात सीक्रेट सर्व्हिसच्या माणसांनी स्टीव्ह जॅक्सन गेम्स नावाच्या एका लहान प्रकाशन संस्थेवर छापा घातला. फासे आणि नियमांची पुस्तकं घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ ही संस्था छापत असे. छाप्यात संगणक गेले, डिस्क गेल्या आणि छपाईला निघालेल्या ‘गर्प्स सायबरपंक’ या पुस्तकाचा मसुदाही गेला. भविष्यातल्या काल्पनिक जगात काल्पनिक पात्रं संगणकांमध्ये कशी शिरतात, असा त्या खेळाचा विषय. हे पुस्तक म्हणजे संगणकी गुन्ह्यांची मार्गदर्शिका आहे, असं तपास करणाऱ्यांचं मत पडलं. मालक स्टीव्ह जॅक्सन यांच्यावर कोणताही आरोप नव्हता आणि पुढेही कधी ठेवला गेला नाही. तरी त्यांना जवळजवळ निम्मी माणसं कामावरून कमी करावी लागली.

हा सगळा खटाटोप बेलसाउथ या टेलिफोन कंपनीच्या एका फाइलसाठी होता. 911 या आपत्कालीन सेवेचा कारभार कसा चालतो, याबद्दलची ती फाइल कोणीतरी कंपनीच्या संगणकावरून उतरवून घेतली होती आणि ती हातोहात फिरत होती. तिची किंमत 79,449 डॉलर असल्याचं सांगितलं गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोच्या न्यायालयात, ती फाइल छापणाऱ्या एका विद्यार्थी संपादकावरचा खटला चालू असताना, असं पुढे आलं की तशीच माहिती कोणालाही 13 डॉलरमध्ये विकत मिळते. सरकारने खटला तिथेच सोडला. हे प्रकरण मी सविस्तर सांगतो आहे, कारण पुढच्या पस्तीस वर्षांतल्या बहुतेक लढायांचं मूळ त्यात आहे. तपास करणाऱ्याला यंत्र कळत नाही, यंत्र चालवणाऱ्याला कायदा कळत नाही आणि त्या दोघांच्या मध्ये एखादा निरपराध माणूस भरडला जातो.

त्याच सुमारास वायोमिंग राज्यातल्या पाइनडेल या आडगावी एफबीआयचा एक अधिकारी जॉन पेरी बार्लो यांच्याकडे चौकशीला आला. बार्लो पूर्वी गुरांचा व्यवसाय करत आणि ‘ग्रेटफुल डेड’ या प्रसिद्ध बँडसाठी गाणी लिहीत. ॲपल कंपनीच्या सॉफ्टवेअरचा काही भाग कोणीतरी चोरून लोकांना टपालाने पाठवला होता, त्याचा तपास चालू होता. चोरीला नेमकं काय गेलं, हे त्या अधिकाऱ्याला समजावून सांगण्यातच बार्लो यांचा बराच वेळ गेला. ज्याला गुन्हा म्हणजे काय हेच उमगलेलं नाही, त्याच्यापुढे आपण निर्दोष आहोत हे सिद्ध कसं करायचं, हा प्रश्न त्यांना छळू लागला. त्यांनी तो अनुभव लिहून काढला. तो मिच केपर यांच्या वाचनात आला. लोटस 1-2-3 हा हिशेबाचा प्रोग्रॅम ज्या कंपनीने घरोघरी नेला, तिचे हे संस्थापक. एफबीआय त्यांच्याकडेही येऊन गेली होती. केपर स्वतःच्या विमानाने पाइनडेलला उतरले आणि तिथल्या बोलण्यातून एका संस्थेची कल्पना निघाली. सन मायक्रोसिस्टिम्सच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक, जॉन गिलमोर, तिसरे सोबती झाले. ॲपलचे स्टीव्ह वॉझनियाक यांनीही पैसे दिले. 10 जुलै 1990 रोजी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची, म्हणजे ईएफएफची, स्थापना जाहीर झाली.

एक गीतकार, एक उद्योजक आणि एक प्रोग्रॅमर. तिघांत वकील एकही नाही. पण पहिलं मोठं काम त्यांनी हाती घेतलं ते कोर्टातलंच: ऑस्टिनच्या प्रकाशकाला घेऊन थेट सीक्रेट सर्व्हिसवर दावा. जॅक्सन यांच्या जप्त झालेल्या एका संगणकात ग्राहकांनी एकमेकांना पाठवलेले, अजून न वाचलेले खासगी निरोप होते. लखोट्यातल्या पत्राला जे संरक्षण असतं, ते या निरोपांना आहे की नाही, असा तो प्रश्न होता. मार्च 1993 मध्ये न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी निकाल दिला. सरकारने कायदा मोडला होता. प्रकाशकाला 50 हजार डॉलरहून अधिक भरपाई आणि वकिलांच्या खर्चापोटी अडीच लाखांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश झाला. ईमेल वाचायचा तर त्यासाठी रीतसर वॉरंट लागतं, हे अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेत बसवायला एका खेळ छापणाऱ्याचा छापखाना कारणी लागला.

संस्थेचं सुरुवातीचं बिऱ्हाड मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये होतं. मग ती वॉशिंग्टनला गेली. राजधानीत राहायचं तर खासदारांशी बोलणी करावी लागतात, आणि बोलणी म्हटली की तडजोड आली. 1994 साली टेलिफोन कंपन्यांनी आपली यंत्रणा पोलिसांना चोरून ऐकता येईल अशीच बांधावी, असा कायदा येऊ घातला होता. ईएफएफच्या वॉशिंग्टनमधल्या नेतृत्वाने मसुदा सौम्य करण्याच्या आशेने त्याच्या वाटाघाटींत भाग घेतला. कायदा मंजूर झाला आणि ज्यांनी विश्वासाने वर्गणी दिली होती ते समर्थक संतापले. त्याच वर्षाच्या अखेरीस जेरी बर्मन आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संस्था काढली. उरलेली ईएफएफ 1995 मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोला गेली. पैसे थोडे, माणसं थोडी. माझ्या मते संस्थेच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. सत्तेच्या कानाशी बसण्यापेक्षा कोर्टात उभं राहायचं, हे तिने त्या फुटीनंतर ठरवलं आणि बहुतांशी पाळलं.

आणि सॅन फ्रान्सिस्कोत तिची वाट बघत एक विद्यार्थी होता. डॅनियल बर्नस्टाइन बर्कलीच्या विद्यापीठात गणितात संशोधन करत होते. त्यांनी मजकूर कुलूपबंद करण्याची, म्हणजे एन्क्रिप्शनची, एक पद्धत शोधली होती. तिचा लेख आणि तिचा सोर्स कोड त्यांना प्रसिद्ध करायचा होता. पण अमेरिकेच्या तेव्हाच्या नियमांनुसार एन्क्रिप्शन हे युद्धसाहित्य होतं. रणगाडे आणि क्षेपणास्त्रं ज्या यादीत, त्याच यादीत. ते परदेशी वाचकाच्या हाती पडणार असेल तर शस्त्रांच्या व्यापाऱ्यासारखी नोंदणी करून सरकारचा परवाना घ्यायला हवा होता. गिलमोर यांनी सिंडी कोन या तरुण वकिलाला हे प्रकरण घ्यायला लावलं आणि फेब्रुवारी 1995 मध्ये दावा दाखल झाला.

कोन यांनी मांडलेला मुद्दा साधा होता. सोर्स कोड माणसंच लिहितात, माणसंच वाचतात आणि त्यातून ती एकमेकांना कल्पना सांगतात. म्हणून तो अभिव्यक्ती आहे, आणि त्याला अमेरिकेच्या राज्यघटनेच्या, अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणाऱ्या पहिल्या दुरुस्तीचं संरक्षण आहे. 1996 मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी तो मान्य केला. संगणकाची भाषा आणि जर्मन किंवा फ्रेंच भाषा यांत त्यांना या बाबतीत काही अर्थपूर्ण फरक दिसला नाही. मे 1999 मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल उचलून धरला. प्रकरण पुढे मोठ्या पीठाकडे गेलं, पण तोवर सरकारनेच माघार घेतली होती. जानेवारी 2000 मध्ये निर्यातीचे नियम बरेच सैल झाले.

याचा आपल्याशी संबंध होता आणि तो अगदी सरळ होता. नव्वदच्या दशकात अमेरिकेबाहेर नेटस्केप ब्राउझर वापरणाऱ्याला, म्हणजे भारतातल्या वापरणाऱ्यालाही, मिळणाऱ्या आवृत्तीत मुद्दाम कमजोर ठेवलेलं 40 बिटांचं कुलूप असे. निर्यात करायला तेवढ्याचीच मुभा होती. 1995 मध्ये फ्रान्समधल्या एका संशोधकाने अनेक संगणक कामाला लावून तसं एक कुलूप आठ दिवसांत उघडून दाखवलं. नियम सैल झाल्यावर ही दुय्यम आवृत्ती गेली. आज आपण फोनवरून बँकेचा व्यवहार करतो, तेव्हा मधला कोणी तो वाचू शकत नाही, यात त्या निकालाचा वाटा आहे.

कोर्टात कोन लढत होत्या तेव्हा गिलमोर दुसरीकडे यंत्र बांधत होते. 1977 पासून अमेरिकी सरकारने मान्य केलेलं डीईएस नावाचं एन्क्रिप्शन बँका आणि कंपन्या सर्रास वापरत. त्याची किल्ली 56 बिटांची, म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या 72 वर पंधरा शून्यं. इतक्या किल्ल्या लावून बघणं कोणाला परवडणार नाही, असा सरकारी अधिकाऱ्यांचा दावा होता. गणितवाल्यांना तो पटत नव्हता, पण कागदावरच्या आकडेमोडीने खासदारांचं समाधान होत नव्हतं. ईएफएफने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात 1,800 हून अधिक खास चिपा असलेलं यंत्र तयार केलं. ते सेकंदाला सुमारे 9,000 कोटी किल्ल्या लावून बघत असे. जुलै 1998 मध्ये त्याने डीईएसचं एक जाहीर आव्हान 56 तासांत फोडलं. पुढच्या जानेवारीत जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांची जोड मिळाली तेव्हा हे काम 22 तास 15 मिनिटांत झालं. नंतर 2001 मध्ये डीईएसच्या जागी एईएस हे नवं मानक आलं.

त्या यंत्राची माहिती संस्थेने पुस्तक रूपात छापली, आणि सोर्स कोडही पानांवर छापला, तोही स्कॅन करून परत संगणकात घेता येईल अशा बेताने. कारण कायद्याचा विचित्रपणा असा की हाच कोड डिस्कवर परदेशी गेला तर ते शस्त्र, आणि कागदावर गेला तर पुस्तक. विज्ञानाचा प्रयोग, कायद्यातली फट आणि जनतेला पटेल असा पुरावा, हे तिन्ही एका कामात आलेलं मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे.

दरम्यान 1996 मध्ये अमेरिकेच्या संसदेने कम्युनिकेशन्स डीसेन्सी ॲक्ट केला. इंटरनेटवर अल्पवयीन मुलांच्या नजरेस पडेल असं ‘असभ्य’ किंवा ‘उघड आक्षेपार्ह’ काही ठेवणं गुन्हा ठरलं. असभ्य म्हणजे काय, हे ठरवणार कोण? या कायद्याखाली वैद्यकीय माहिती, साहित्य, साधी थट्टासुद्धा अडचणीत आली असती. ईएफएफच्या निळ्या फितीचं चिन्ह हजारो वेबपानांवर झळकलं आणि संस्था या कायद्याविरुद्धच्या दाव्यात वादी म्हणून उतरली. 26 जून 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. रेनो विरुद्ध एसीएलयू या नावाने हा निकाल ओळखला जातो. त्याच्याकडे पुढे परत यायचं आहे. कायदा झाला त्याच दिवशी बार्लो यांनी दावोसहून सायबर अवकाशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला. पोलाद आणि मांसाच्या जुन्या सरकारांना इथे अधिकार नाही, असा त्याचा आवेश. तो जाहीरनामा मला आज भाबडा वाटतो. सरकार दूर राहिलं की माणूस मोकळा झाला, असं बार्लो धरून चालले. सरकारांइतक्याच बलाढ्य कंपन्या तिथे आपली सत्ता बसवतील, हे त्यात दिसत नाही. पण त्यांच्याच संस्थेने नंतर या कंपन्यांनाही कोर्टात खेचलं, हेही नोंदवलं पाहिजे.

नव्या शतकात लढाईचा रोख बदलला. आता छापा घालणारं सरकार मागे पडलं आणि कॉपीराइटचा बडगा पुढे आला. 1998 च्या डीएमसीए कायद्याने डिजिटल कुलूप तोडणं, तोडायची साधनं देणं हेही गुन्हे केले होते. 2001 मध्ये प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगीत उद्योगाची एक संरक्षणपद्धती कुठे कच्ची आहे यावर शोधनिबंध लिहिला. उद्योगाचं धमकीचं पत्र आलं आणि त्यांनी तो परिषदेतून मागे घेतला. एका वैज्ञानिकाने आपलं संशोधन वकिलाच्या पत्राला घाबरून खिशात ठेवावं, ही गोष्ट फार गंभीर होती. ईएफएफ त्यांच्या बाजूने कोर्टात गेली. धमकी देणाऱ्यांनी हात झटकले, आणि ऑगस्टमध्ये निबंध वाचला गेला. त्याच उन्हाळ्यात लास वेगासमध्ये व्याख्यान द्यायला आलेले रशियन प्रोग्रॅमर दिमित्री स्क्ल्यारोव यांना अटक झाली. अडोबी कंपनीच्या ईबुकांचं कुलूप उघडणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी. ते सॉफ्टवेअर रशियात कायदेशीर होतं. संस्थेच्या लोकांनी अडोबीची भेट घेतली, आणि कंपनीने तक्रारीतून अंग काढलं. पुढच्या वर्षी ज्युरीने स्क्ल्यारोव यांच्या कंपनीला निर्दोष सोडलं.

ज्या गोष्टी तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचणाऱ्या, त्यांवर मत देणाऱ्या, कंपन्यांच्या उणिवा चव्हाट्यावर मांडणाऱ्या सामान्य माणसाच्या सर्वांत जवळच्या आहेत, त्या यानंतरच्या काही वर्षांत घडल्या. मतदान यंत्रं बनवणाऱ्या डीबोल्ड कंपनीचे अंतर्गत ईमेल बाहेर फुटले. यंत्रांतल्या दोषांची चर्चा त्यांत होती. काही विद्यार्थ्यांनी ते प्रसिद्ध केले, तर कंपनीने कॉपीराइटचा हवाला देऊन ते काढायला लावले. 2004 मध्ये न्यायालयाने ठरवलं की हा कॉपीराइटचा जाणूनबुजून केलेला गैरवापर आहे, आणि कंपनीला 1 लाख 25 हजार डॉलर भरावे लागले. लोकशाहीत मतं मोजणाऱ्या यंत्रात काय बिघाड आहे, हे बोलण्याचा हक्क कोणाच्या मालकीच्या पत्राखाली दाबता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलने दावा लावला. कंपनीच्या न आलेल्या एका उत्पादनाची बातमी काही संकेतस्थळांवर आली होती. ती त्यांना कोणी दिली, ते नाव ॲपलला हवं होतं. प्रश्न मोठा होता: वर्तमानपत्राच्या बातमीदाराला आपला माहीतगार न सांगण्याचा जो हक्क आहे, तो घरून संकेतस्थळ चालवणाऱ्या, पत्रकारितेचा कोणताही परवाना नसलेल्या माणसाला आहे का? मे 2006 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तो त्यांनाही आहे असं सांगितलं. बातमी जमवून लोकांपर्यंत पोचवतो तो पत्रकार. त्याने ती कागदावर छापली की पडद्यावर, याने फरक पडत नाही. माझ्या मते या संस्थेच्या खात्यावर हा बर्नस्टाइननंतरचा सर्वांत दूरगामी विजय आहे.

पराभवही मोठे झाले. ग्रोकस्टर खटल्यात ईएफएफ फाइल वाटून घेण्याची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीच्या बाजूने होती. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे सगळे नऊ न्यायमूर्ती तिच्या विरोधात गेले. इथे संस्थेने पक्षकार निवडताना घाई केली, असं मला वाटतं. साधन निर्दोष असतं हा मुद्दा बरोबर होता, पण त्या कंपनीचा धंदाच चोरीच्या गाण्यांवर उभा होता आणि न्यायमूर्तींना तो दिसत होता. त्याच वर्षी दुसऱ्या बाजूला संस्थेच्या तंत्रज्ञांनी एक अस्सल शोधकाम केलं. काही रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक पिवळे ठिपके उमटवतात. झेरॉक्सच्या एका मालिकेच्या प्रिंटरचे ठिपके निळ्या प्रकाशात, भिंगाखाली वाचून त्यांनी त्यांची भाषा उलगडली. प्रिंटरचा अनुक्रमांक, छपाईची तारीख आणि वेळ. निनावी पत्रक छापणाऱ्याला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

मग जानेवारी 2006. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संस्थेच्या कार्यालयात एक निवृत्त तंत्रज्ञ, मार्क क्लाइन, कागदांचा गठ्ठा घेऊन आले. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत त्यांनी वीस वर्षांहून अधिक काम केलं होतं. फॉलसम स्ट्रीटवरच्या कंपनीच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर 641-ए क्रमांकाची एक खोली होती, तिथे सामान्य तंत्रज्ञांना प्रवेश नव्हता. इंटरनेटची वाहतूक ज्या काचतंतूंतून जाते, त्यांना विभाजक जोडून प्रकाशाची एक प्रत त्या खोलीत वळवलेली होती. खोली राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएसएच्या, कामासाठी होती. क्लाइन यांनी वायरिंगचे नकाशे आणून दिले. ईएफएफने कंपनीवर दावा लावला. न्यायाधीशांनी तो फेटाळायला नकार दिला. त्यावर संसदेने 2008 मध्ये कायदाच बदलून टेलिफोन कंपन्यांना मागील तारखेपासून अभय दिलं. संस्थेने मग थेट एनएसएवर दावा दाखल केला. जुवेल विरुद्ध एनएसए या नावाने तो चौदा वर्षं चालला. 2013 मध्ये एनएसएची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी दिलेल्या कागदपत्रांनी क्लाइन खरं बोलत होते हे जगासमोर आलं. तरी न्यायालयांनी सरकारी गुपितांच्या आडोशाला जागा दिली, आणि जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. हा पराभव मला आजही अस्वस्थ करतो. देशातल्या प्रत्येकाच्या संभाषणाची प्रत घेतली गेली का, या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही न्यायाधीशाने गुणवत्तेवर दिलंच नाही. क्लाइन 2025 मध्ये वारले.

कोर्टात वाट बंद होते तेव्हा कोडने वाट काढायची, हे या संस्थेचं दुसरं अंग. 2004 मध्ये टॉर या निनावी जाळ्याला तिने पैसे दिले. 2010 मध्ये ‘एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर’ नावाची, शक्य तिथे संकेतस्थळाशी एन्क्रिप्टेड जोडणी करणारी, ब्राउझरला जोडायची सुविधा काढली. पण संकेतस्थळांना एन्क्रिप्शन हवं तर प्रमाणपत्र विकत घ्यावं लागे, आणि लहान संकेतस्थळं तो खर्च आणि खटपट टाळत. मोझिला आणि मिशिगन विद्यापीठाबरोबर ईएफएफने 2014 मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ जाहीर केलं: फुकट आणि आपोआप मिळणारं प्रमाणपत्र. त्यामागे पीटर एकर्सली हे ऑस्ट्रेलियन संगणकशास्त्रज्ञ होते. 2017 च्या जूनमध्ये जगात उघडल्या जाणाऱ्या वेबपानांपैकी सुमारे 58 टक्के एन्क्रिप्टेड होती. फेब्रुवारी 2020 मध्ये, प्रमाणपत्रांची संख्या शंभर कोटींवर गेली तेव्हा, 81 टक्के. आज मराठी बातमीचं किंवा दिवाळी अंकाचं एखादं संकेतस्थळ एन्क्रिप्शनसह उघडतं, त्यामागे अनेकदा हेच प्रमाणपत्र असतं. एकर्सली 2022 मध्ये अकाली गेले.

आता रेनो निकालाकडे परत, पण भारतातल्या एका प्रकरणातून. 17 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. हा बंद कशासाठी, असं पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं; तिच्या मैत्रिणीने ते नुसतं ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. एका नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अ त्यात लावलं गेलं. ‘त्रास’, ‘गैरसोय’ असल्या शब्दांनी बांधलेलं, तीन वर्षांपर्यंत कैद देणारं ते कलम. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 24 मार्च 2015 रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने 66 अ पूर्णपणे रद्द केलं. त्या निकालात अस्पष्ट शब्दांनी बोलणं गुन्हा करता येत नाही हे दाखवताना न्यायालयाने रेनोचा दाखला दिला आहे. निळ्या फितीचा तो लढा अठरा वर्षांनी पालघरच्या प्रकरणानंतर झालेल्या याचिकेच्या उपयोगी पडला. तरी कलम रद्द झाल्यावरही पोलीस ठाण्यांत ते लावणं चालूच राहिलं, आणि 2021 मध्ये ते ऐकून सर्वोच्च न्यायालयाला धक्का बसल्याचं न्यायमूर्तींना बोलून दाखवावं लागलं. निकाल मिळवणं आणि तो ठाण्यापर्यंत पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आपल्याकडेही अशी कामं करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. दिल्लीत 2010 पासून एसएफएलसी काम करते. 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला समान वागणूक मिळावी म्हणून, दहा लाखांहून अधिक लोकांनी ट्राय या दूरसंचार नियामकाला ईमेल पाठवले, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावायला बंदी केली. त्या मोहिमेतल्या मंडळींनी त्याच वर्षी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन काढलं. मुंबई उच्च न्यायालयाचा अलीकडचा निकालही याच वाटेवरचा. केंद्र सरकारच्या कामाबद्दल काय ‘खोटं, बनावट किंवा दिशाभूल करणारं’ आहे ते सरकारी तपासणी कक्षाने ठरवावं, असा नियम 2023 मध्ये आला होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी त्याला आव्हान दिलं. जानेवारी 2024 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्यात मतभेद झाले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी तो नियम घटनाबाह्य असल्याचं मत दिलं. राजकारणावरची कोपरखळी आणि विज्ञानाच्या बातमीवरची शंका यांना सरकारी शिक्का लागू नये, ही त्यातली गोष्ट.

ईएफएफवर टीकाही बरीच होते. ती कंपन्यांशी मऊ वागते, मंचांना जबाबदार धरायच्या प्रत्येक कायद्याला ती विरोध करते, असं म्हणणारे बरेच आहेत. मंचांच्या बाबतीत त्या टीकेत तथ्य आहे असं मला वाटतं. द्वेषाचा धंदा करणाऱ्या मोठ्या मंचांपुढे केवळ बोलण्याच्या हक्काचं उत्तर पुरेसं नाही. पण 2005 मध्ये सोनीने संगीताच्या सीडींतून लोकांच्या संगणकात गुपचूप सॉफ्टवेअर घुसवलं तेव्हा तिच्यावर दावा लावणाऱ्यांत ही संस्था होती. 2021 मध्ये ॲपलने लोकांच्या फोनमधले फोटो तपासायची योजना आखली, तेव्हाही विरोधाच्या आघाडीवर तीच होती. ॲपलने ती योजना पुढे गुंडाळली.

संस्थेची मुख्य ताकद तिच्या खोलीतल्या बैठकीच्या रचनेत आहे. एका टेबलावर वकील, प्रोग्रॅमर आणि चळवळीतला कार्यकर्ता. आपल्याकडे पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी इथे विधी महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर अभियांत्रिकी महाविद्यालयंही. त्यांच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून एखादा निकाल वाचावा, एखादा नियमाचा मसुदा तपासावा आणि मराठीत त्यावर लिहावं. विदासंरक्षणाचे, समाजमाध्यमांचे, दूरसंचाराचे मसुदे केंद्र सरकार हरकती आणि सूचनांसाठी जाहीर करतं आणि त्यांना ठरावीक मुदत असते. पुढचा मसुदा येईल तेव्हा त्या मुदतीत आपली हरकत पाठवा, आणि ती मराठीतूनही पाठवा.